सुटली म्हणा

"कुणी काही बोलायची गरज नाही," प्रतिभा मॅडम म्हणाल्या. कडेवरचं लेकरू त्यांनी पुढं घेतलं, उजवा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "आपली काढलेली माणसं परत घेईपर्यंत मी शिष्यवृत्तीच्या कामाला हात लावणार नाही. या लेकराची शपथ."

महादेवाच्या देवळापुढं जमलेली माणसं लेकराकडं बघायला लागली. लेकरू आईच्या मंगळसूत्राशी खेळत होतं.

ते लेकरू नुकतंच मी तिथं आणून दिलं होतं. घरी रडून रडून लाल झालं, तेव्हा त्याच्या आजीनं माझ्याकडं दिलं आणि म्हणाली, जा, आईकडं ने. कॉलेजच्या मागच्या देवळात संपाची बैठक आहे एवढंच मला माहीत होतं. तिथं शपथा चालल्यात हे माहीत नव्हतं.

झालं होतं असं. संस्थेनं वर्षानुवर्षं राबलेली काही हंगामी माणसं एका कागदावर काढून टाकली होती. ऑफिस, ग्रंथालय, प्रयोगशाळा, सगळ्यांनी काम बंद केलं. कुणी फुटू नये म्हणून गिरडे काकांनी देवळात ताटात बेल आणि भंडारा ठेवला होता. एकेकानं पुढं यायचं, बेल-भंडारा उचलायचा, काम करणार नाही म्हणायचं. मॅडमची पाळी आली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ताकतोडे मॅडमचं काही खरं नाही. प्राचार्यांचा एक फोन आला की बोटं वळवळायला लागतील." लोक हसले. मग मॅडमनी बेलाला हातच लावला नाही. लेकरालाच पुढं घेतलं.

गिरडे काका प्रयोगशाळेत परिचर होते. उंच, हाडकुळे, आवाज खर्जातला. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"बाई, बेल उचलला असता तरी भागलं असतं. लेकराला कशाला मधी आणलं?"

"तुमच्या माणसांचं भागत नव्हतं, काका."

"बरं. घेतली ती घेतली," काका म्हणाले. "माझ्यापुढं घेतलीय. आता मी सुटली म्हणल्याबिगर सुटायची नाही."

मी परकर-पोलक्यात असल्यापासून हे ऐकत आले होते. शपथ घालायची, आणि ज्याच्यापुढं घेतली त्यानंच सुटली म्हणायचं. तोपर्यंत ती डोक्यावर असते. पण आमच्या खेळातल्या शपथा चिंचोक्यांसाठी असायच्या. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर उभी असताना मला हा खेळ वाटला नाही, कारण ज्या कामाला हात लावणार नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, त्या कामात माझा अर्ज होता.

मी मॅडमच्याच घरी मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजात त्या मॅडम आणि घरी ताई, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. त्यांचे मालक पुण्याला कंपनीत, घरात त्या, सासूबाई आणि दहा महिन्यांचा राघव. राघवचे डोळे एवढाले मोठे होते की ताई त्याला घुबड्या म्हणायच्या. सासूबाईंना, कौसाबाईंना, ते मुळीच खपायचं नाही. "कावळ्या म्हण, चिमण्या म्हण," त्या म्हणायच्या, "पण घुबडाचं नाव घरात घेऊ नये." ताई हसायच्या आणि पुन्हा घुबड्याच म्हणायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी मात्र कौसाबाई हसल्या नाहीत.

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवला? नवसानं झालेल्या लेकराच्या? डोकं फिरलं का गं तुझं?"

"मला कुठं मोडायचीय शपथ," ताई भाकरी थापत म्हणाल्या. "मोडायचीच नाही तर भ्यायचं कशाला."

मी भाजी निवडत होते. माझी मान वर झाली नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही भरला की तो कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जायचा. तिथं मॅडमनी तपासून पुढं पाठवला तर आमची फी आणि भत्ता. नाही पाठवला आणि शेवटची तारीख उलटून गेली, तर ते वर्ष गेलं. आणि शिष्यवृत्ती नाही तर फी स्वतः भरा, फी नाही तर हॉलतिकीट नाही. आम्ही काही मुली मांडवात जाऊन गिरडे काकांना भेटलो.

"तुमचं नुकसान व्हायलंय, मला काय कळंना का?" काका म्हणाले. "पण पोरींनो, शिष्यवृत्ती अडली तरच संस्था हलती. पोरांची फी तिथूनच येती ना त्यांना. नुसत्या आमच्या घोषणा कोण ऐकतंय?"

त्यांच्या मागं सतरंजीवर एक तरुण माणूस पत्रकांच्या घड्या घालत बसला होता. तो काढलेल्यांपैकी एक आणि काकांचा जावई. काकांची लेक दोन बॅगा घेऊन बापाच्या घरी आलीय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही निघालो.

माझे बाबा नांदेडला बांधकामावर होते. त्यांचा फोन यायचा तेव्हा मागं सिमेंटच्या मशीनचा आवाज असायचा.

"झालं का तुझं काम?"

"संप चालूय, बाबा. सुटेल."

"सुटंल, सुटंल. तारीख गेली तर काय करणार?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ ज्योत्स्ना, मी काही तुला उगी म्हणत नाही. तारीख गेली तर सामान घेऊन सरळ घरी ये. सोनखेडचे पाहुणे दोनदा येऊन गेलेत. पोरगं चांगलंय. तिसऱ्यांदा त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडं तोंड नाही."

सोनखेडच्या त्या पोरानं मला एकदाच पाहिलं होतं. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो त्याच्या मामाला म्हणाला, "शिकलेल्या पोरी उलटून बोलतात का हो?" सगळे हसले होते. मला रोज झोपताना ते हसणं ऐकू यायचं. सकाळी उठले की वाटायचं, तारीख आणखी जवळ आली.

एका सकाळी परसात ताई लंगोट धूत होत्या आणि मी पिळून वाळत घालत होते. मनात पुष्कळदा घोकलेलं वाक्य मी शेवटी काढलं.

"ताई, परवा शेवटची तारीख आहे."

"मला माहितीय."

"तुम्ही एकदाच जर..."

त्यांनी ओला हात वर केला. "ज्योत्स्ना, दुसरं काहीही माग."

दोरीवर लंगोट वाऱ्यानं हलत होते. त्यांच्या खोलीत आणि माझ्या खोलीत एका पत्र्याचा आडोसा होता. बाबांचा प्रत्येक फोन त्यांना ऐकू जात असणार, हे माझ्या त्यानंतर लक्षात आलं. त्या दिवशी दुपारी मी बॅगेत कपडे भरायला लागले. चेनचा आवाजसुद्धा गेला असेल.

शेवटच्या तारखेला संपवाल्यांचा तहसीलवर मोर्चा होता. घोषणा देत सगळे बाजारपेठेतून गेले. ताई गेल्या नाहीत, लेकराचं अंग कसंतरी लागतंय म्हणाल्या. मोर्चाचा आवाज लांब गेला तसा त्यांनी माझ्या खोलीचा दरवाजा ढकलला. लेकरू कडेवर, खांद्याला पिशवी.

"चल."

"कुठं?"

"चल म्हणते ना. ओढणी घे, तोंड बांध."

कौसाबाईंना त्यांनी सांगितलं, लेकराला दवाखान्यात दाखवून आणतो. जीपमध्ये बसल्यावर त्या पुटपुटल्या, "दवाखान्याचं नाव नको होतं घ्यायला." मी कुठं चाललोय विचारलं नाही. मला कळलं होतं आणि विचारलं तर त्या उतरतील असं वाटत होतं. जीपमध्ये चढणाऱ्या प्रत्येक माणसाकडं मी ओढणीतून बघत होते. एक जण कॉलेजच्या शिपायासारखा दिसला तेव्हा मी तोंड फिरवलं. तो कुणी दुसराच निघाला.

रेडगाव फाट्यावर पंक्चरच्या दुकानाशेजारी एक सेवा केंद्र होतं. दाखले, झेरॉक्स, आधारची कामं. आत एक पोक्त बाई टेबलाशी बसून शेंगा सोलत होत्या. ताईंनी कोपऱ्यातला कॉम्प्युटर मागितला.

"तू बस खुर्चीवर," ताई मला म्हणाल्या. स्वतः शेजारी स्टुलावर बसल्या, लेकराला मांडीत घेतलं आणि दोन्ही हातांची घडी त्याच्या पोटावर घातली. "मी हात लावणार नाही म्हटलंय. हात नाही लावायची. मी सांगते, तू दाब."

मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू. असं असेल तर शपथ कुठं मोडतेय? बोटं माझी, काम माझं. लेकराला कसली भीती?

"पासवर्ड टाक. इंग्रजी अक्षरात घुबड्या, पुढं त्याचा जन्मदिवस."

मी टाकला. लेकरानं पडद्याकडं बघून टाळ्या पिटल्या.

मग नावामागून नाव. ताई कागद बघायला सांगायच्या, मी उघडायचे, त्या वाकून वाचायच्या.

"याचा दाखला जुनाय का? खाली घे. हां, बरोबर आहे. पुढं."

"हिच्या बापाची सही दिसत नाही."

"आहे. कोपऱ्यात आहे, असाच बारीक करतो तो. पुढं."

माझं नाव आलं तेव्हाही त्यांचा आवाज बदलला नाही. "ढाकरे ज्योत्स्ना. उत्पन्नाचा दाखला उघड."

"आहे, ताई."

"मॅडम म्हण. पुढं."

ऊन शटरमधून आत सरकत सरकत आमच्या पायांवर आलं. मधेच लेकरू भुकेलं, त्यांनी भिंतीकडं तोंड करून त्याला पाजलं आणि पाठमोऱ्याच सांगत राहिल्या, पुढं, पुढं. बाहेर ट्रक थांबला की आम्ही दोघी दाराकडं बघायचो. शेवटचं नाव झालं. सगळी नावं एकत्र पाठवायचं बटण आलं, मी ते दाबलं. पडद्यावर एक नवी चौकट उघडली. त्यात अंगठ्याचं चित्र होतं.

मी खुर्ची मागं सारली.

"ताई, हे अंगठा मागतंय. तुमचा."

"हं," त्या म्हणाल्या.

शेंगावाल्या बाईंनी तांबडा दिवा असलेलं छोटं यंत्र आणून टेबलावर ठेवलं. लेकरू त्या दिव्याकडं झेपावलं. ताईंनी त्याला उचलून माझ्या कडेवर दिलं, त्याच्या डोक्यावरून टोपडं खाली ओढलं.

"याला घेऊन बाहेर जा. रस्त्याच्या पलीकडं."

"ताई..."

"पार पलीकडं. त्या लिंबाखाली जाऊन उभी राहा. मी आल्याशिवाय वळू नको."

मी गेले. लिंबाखाली उभी राहिले आणि लेकराचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मी वळले नाही. कितीतरी वेळानं चपलांचा आवाज आला. ताई पदराला अंगठा पुसत येत होत्या. पुसून झालं तरी पुसतच होत्या. लेकराला त्यांनी लगेच घेतलं नाही. आधी फाट्यावरच्या नळाला हात धुतले.

"झालं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचे गेले. कुणाला बोलायचं नाही. मेलीस तरी."

"नाही बोलणार."

बाबांना मी फोन केला. "गेला अर्ज," एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "मग संप सुटला का?" मी म्हणाले, आवाज येत नाही, बाबा. आणि फोन ठेवला.

दोन दिवस बरे गेले. बरे म्हणजे, मी कॉलेजच्या फाटकातून जाताना मांडवाकडं बघायचे नाही, आणि घरी लेकरू शिंकलं तरी त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंग तापलं. कौसाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला तर साधी दृष्ट, नाही लागला तर जबर, असं त्या मानायच्या. आम्ही तिघी चुलीपाशी उभ्या राहिलो. मिरच्या काळ्या पडल्या. कुणालाच ठसका लागला नाही.

तेवढ्यात लेकराचे डोळे वर गेले आणि अंग लाकडासारखं ताठ झालं.

रिक्षात ताई त्याच्या ओठांवर ओठ ठेवून नुसतं "अरे, अरे" करत होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला आत घेतलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. ताप डोक्यात गेला म्हणाले, पुन्हा झटका आला तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. त्या एवढ्याशा हाताला पुठ्ठा बांधला होता. नेहमी एवढाले उघडे असणारे डोळे अर्धे मिटलेले होते.

ताईंनी माझं मनगट धरलं.

"मी त्याला रस्त्याच्या पलीकडं पाठवलं होतं ना गं? तू गेली होतीस ना?"

"गेले होते, ताई."

"पार पलीकडं?"

"पार पलीकडं. लिंबाखाली."

"मग कसं काय?" त्या म्हणाल्या. "मग कसं काय गं?"

कौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"ज्याच्यापुढं घेतली, त्याच्या तोंडून सुटली निघायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "जा की. पाय धर त्याचे."

"कोणत्या तोंडानं जाऊ?" ताई म्हणाल्या. "आणि याला सोडून?"

मी त्यांच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. पाणी आणते म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

दवाखान्यापासून मांडवापर्यंत मी पळत गेले. पळताना एकच डोक्यात होतं. बोलले तर ताई संपल्या. नाही बोलले तर तो झटका पुन्हा येणार. मेलीस तरी बोलू नको म्हणाल्या होत्या. पण मरायची वेळ माझ्यावर नव्हती आली.

साखळी उपोषणात त्या दिवशी गिरडे काकांची पाळी होती. गळ्यात हार घालून ते सतरंजीवर बसले होते, शेजारी जावई.

"काका, जरा बाजूला येता का?"

"इथंच बोल. इथं कोण परकं आहे? आणि शिष्यवृत्तीचं असंल तर..."

"मॅडमच्या लेकराचं आहे."

ते उठले. आम्ही सायकल स्टँडच्या मागं गेलो.

"सुटली म्हणा, काका."

"काय?"

"मॅडमची शपथ. सुटली म्हणा. लेकराला फिट आलीय. दवाखान्यात आहे."

"पाळलेली शपथ सोडवायला कुणी पळत येत नसतं," ते म्हणाले. "मोडली का तिनं?"

मांडवातून कुणीतरी खोकलं. मी मान डोलावली.

"तोंडानं बोल."

"मोडली."

"कधी?"

"मोर्चा होता त्या दिवशी."

"सगळ्यांचे अर्ज गेले?"

"सगळ्यांचे."

त्यांनी एका सायकलच्या सीटवर हात टेकला. हारातली फुलं सुकून तपकिरी झाली होती.

"आम्ही तिकडं तहसीलवर बोंबलत होतो, आणि इकडं हे," ते म्हणाले. "आता संस्थेला काय नड राहिली आमची? माझी लेक दोन बॅगा घेऊन घरी बसलीय. रोज विचारती, बाबा, काही झालं का. तिला काय सांगू? तू सांगतीस का येऊन?"

मी म्हणाले, "लेकरू दहा महिन्यांचं आहे हो, काका."

"मला नको सांगू कितीचं आहे. त्याचे पेढे मी वाटलेत ऑफिसात."

ते वळून मांडवात गेले. मला वाटलं, आता सगळ्यांना सांगणार. पण त्यांनी गळ्यातला हार काढला, जावयाच्या शेजारी ठेवला आणि चपला शोधायला लागले.

"काका, उपोषणाला बसलेला माणूस उठत नसतो," कुणीतरी म्हणालं. "उद्या लोक हसतील."

"हसू द्या. मोडलं म्हणा गिरड्यानं."

ते माझ्या पुढं निघाले. देवळात शिरून कागदात चिमूटभर भंडारा घेतला. त्यांची पावलं लांब होती, मी मागं जवळजवळ धावत होते आणि घाबरत होते की उशीर झाला असेल. दवाखान्याच्या पायरीवर मी कान देऊन ऐकलं. आतून रडण्याचा आवाज येत नव्हता. ते चांगलं की वाईट, मला ठरवता येईना.

ताई खाटेवर लेकराच्या पायाशी बसल्या होत्या. काकांना बघून ताडकन उठल्या.

काका खाटेजवळ गेले. भंडारा त्याच्या कपाळाला लावला, आपला मोठा, रापलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. देवळात आईनं ठेवला होता तिथंच.

"घुबड्या," ते खर्जात म्हणाले, "सुटली रे बाबा. सुटली. तुझ्यावर काही नाही."

"काका, मी..." ताई म्हणाल्या.

त्यांनी तिकडं न बघता तळहात आडवा धरला. "तुमच्याशी बोलायला आलो नाही, बाई." मग कौसाबाईंकडं वळून म्हणाले, "लेकराला जपा." आणि पायऱ्या उतरून गेले.

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी दाराशी, भिंतीला चिकटून उभी होते. त्यांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या जवळ आल्या.

"त्याच्यापाशी बस," त्या म्हणाल्या. "मी तोंड धुऊन येते."

न्हाणीचं दार लागलं, नळ सुरू झाला आणि कितीतरी वेळ सुरूच राहिला. मी लेकराच्या पुठ्ठा बांधलेल्या हाताशी बोट नेलं. त्यानं ते धरलं. जोर नव्हता, पण धरलं. ऊन कलताना त्याला घाम फुटला आणि ताप उतरायला लागला. सलाईननं उतरला की कशानं, यावर मी आजवर कुणाशी वाद घातला नाही.

संप पुढं मिटला. काही माणसं परत घेतली, काही नाही. काकांचा जावई नाही घेतलेल्यांत होता. आमची शिष्यवृत्ती आली, हॉलतिकीट मिळालं, सोनखेडच्या पाहुण्यांना दुसरी मुलगी मिळाली. शिष्यवृत्ती आल्यावर अर्ज कुणी पाठवले ते सगळ्यांना कळलंच, ऑफिसात मॅडमच्या टेबलाशी कुणी चहा प्यायला थांबेना. त्या डबा एकट्याच खायच्या. गिरडे काका निवृत्त झाले तोवर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. घुबड्या मात्र रस्त्यात दिसला की थांबायचे आणि खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढून द्यायचे. तो त्यांना गिरडे आजोबा म्हणायचा. ताई लांब उभ्या राहून तो लाडू खाऊन होईपर्यंत वाट बघायच्या.

मी पुढं बाहेर पडले, नोकरीला लागले, लग्नही माझ्या पसंतीनं झालं. परवाच्या सुट्टीत लेकीला घेऊन ताईंच्या घरी गेले. ती आता आठ महिन्यांची आहे. कौसाबाई नाहीत आता. राघव पाचवीत आहे, डोळे तसेच आहेत, आणि आईनं माणसांत घुबड्या म्हटलं की चिडतो. ताई माझ्या लेकीला पायांवर घेऊन तेल लावत होत्या. मी समोर बसून बघत होते. त्यांचा अंगठा तिच्या कपाळावरून हळूहळू फिरत होता.

इतकी वर्षं मनात होतं ते मी तेव्हा विचारलं.

"ताई, त्या दिवशी फाट्यावर. शेवटी अंगठा लागणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"रोजचं काम ते. माहीत कसं नसेल?"

"मग ते सगळं मला का दाबायला लावलं? मोडणारच होती ना शेवटी."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. लेकीनं त्यांचा अंगठा मुठीत धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"मोडणारच होती," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, त्याच्या वाट्याला जितकं कमी येईल तितकं कमी. एकदाच लागू दे माझा हात."

लेकीचं टोपडं शेजारी पडलं होतं. ते मी उचललं आणि तिच्या कानांवरून नीट खाली ओढून बसवलं.